शाळा न पाहिलेल्या आजीची परीक्षा



आज सुरुवात एका गणितानं करू. शंभरातून सात वजा करा. उरले त्यातून पुन्हा सात. असं पाच वेळा, तेही तोंडी, कागद-पेन्सिल न घेता. ९३, ८६, ७९, ७२, ६५. आपल्यापैकी किती जणी न अडखळता शेवटपर्यंत जातील? आता हेच गणित कधीही शाळेची पायरी न चढलेल्या ७५ वर्षांच्या बाईला घाला. ती गप्प बसली, तर तिच्या कागदावर लिहा की हिची बुद्धी क्षीण झाली आहे. पटेल तुम्हाला?

पटू नये, आणि बऱ्याच संशोधकांनाही ते पटलं नाही. त्यांनी काय केलं, त्याची गोष्ट आज सांगायची आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला राजे आणि लढाया आठवतात. आजचा इतिहास आहे म्हाताऱ्या माणसांना डॉक्टर जे प्रश्न विचारतात, त्या प्रश्नांचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. वय झालं की नाव पटकन आठवत नाही, चष्मा कुठे ठेवला ते सापडत नाही. एवढ्यानं कुणी आजारी ठरत नाही. पण आत्ताच जेवण झालंय हे आठवत नाही, जन्म गेला त्या गावात वाट चुकते, पन्नास वर्षं केलेल्या स्वयंपाकात कशानंतर काय घालायचं ते कळेनासं होतं, तेव्हा तो आजार असू शकतो. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात, इंग्रजीत डिमेन्शिया. अल्झायमर हा त्यातलाच एक, सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. गावपातळीवर रक्ताचा थेंब घेऊन हा आजार ओळखता येत नाही. तिथे पहिलं हत्यार म्हणजे प्रश्न. काही सोपे प्रश्न विचारायचे आणि कुणाला पुढच्या तपासणीला पाठवायचं ते ठरवायचं. म्हणून या प्रश्नांना चाळणी चाचणी म्हणतात. चाळणीची भोकं कशी आहेत यावर सगळं अवलंबून, हे पीठ चाळणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

१९७२ साली इंग्लंडमध्ये हॉडकिन्सन नावाच्या डॉक्टरांनी वृद्ध रुग्णांसाठी दहा प्रश्नांची एक यादी दिली. तुमचं वय किती, आता किती वाजले, जन्मतारीख काय, वीसपासून उलटे आकडे म्हणा, असे प्रश्न त्यात होते. आणखी दोन होते: पहिलं महायुद्ध कोणत्या साली झालं? आणि सध्या गादीवर कोण आहे? त्या वेळच्या इंग्रज म्हाताऱ्याला हे प्रश्न अगदी घरचे. ते युद्ध त्याच्या तरुणपणी झालेलं, कुणाचा भाऊ गेलेला, कुणाचा नवरा. आपल्या आजीला ते साल कुठून ठाऊक असणार? तिला बहात्तरचा दुष्काळ विचारा, सदुसष्टचा कोयनेचा भूकंप विचारा, पुण्याकडची असेल तर पानशेतचा पूर विचारा. खडी फोडायला कुठे गेलो, सुकडी कशी मिळायची, सगळं सांगेल. मेंदू तोच, आठवणही शाबूत. फरक पडतो तो प्रश्न कुणाच्या आयुष्यातून उचललाय त्याचा.

तीन वर्षांनी, १९७५ साली, अमेरिकेत मार्शल आणि सुझन फोलस्टीन हे दांपत्य आणि पॉल मॅकह्यू यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. तिचं नाव 'मिनी मेंटल स्टेट'. पाच-दहा मिनिटांची, ३० गुणांची. पुढे ती जगभर पोचली. आज कुठल्याही मोठ्या इस्पितळात स्मरणशक्तीच्या तक्रारीसाठी गेलात, तर ती किंवा तिची एखादी बहीण भेटतेच. त्यात काय विचारतात? साल कोणतं, महिना कोणता, तारीख काय. आपण इमारतीच्या कितव्या मजल्यावर आहोत. तीन वस्तूंची नावं लक्षात ठेवा. शंभरातून सात वजा करत जा, नाहीतर एका इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग उलटं सांगा. कागदावरची सूचना वाचा आणि तसं करा. एक वाक्य लिहा. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून तसेच काढा. साधारणपणे २४ च्या खाली गुण मिळाले की पुढची तपासणी करावी, असा प्रघात पडला.

जरा मोजून बघा. वाचणं, लिहिणं, स्पेलिंग, लेखी वळणाचं गणित, हातात पेन्सिल धरून आकृती काढणं. जिनं पाटी कधी धरली नाही, तिचे किती गुण बसल्या जागी गेले!

ही अडचण आधी अमेरिकेतच लक्षात आली. १९८२ साली बाल्टिमोरच्या एका इस्पितळातल्या रुग्णांचा अभ्यास झाला. त्याच्या लेखकांत मार्शल फोलस्टीन स्वतः होते. चाचणीनं ज्यांना चुकून आजारी ठरवलं होतं, ते सगळे नऊ वर्षांपेक्षा कमी शिकलेले निघाले. मग १९९३ साली पाच अमेरिकी शहरांतल्या १८,०५६ लोकांचे गुण छापून आले. नऊ वर्षं किंवा त्याहून जास्त शाळा शिकलेल्यांच्या गुणांचा मध्य होता २९. पाच ते आठ वर्षं शिकलेल्यांचा २६. आणि शून्य ते चार वर्षं शिकलेल्यांचा २२. म्हणजे सगळ्यात कमी शिकलेल्यांपैकी निम्मी माणसं २२ किंवा त्याखाली. २४ ची रेघ ओढली तर ती सगळी 'संशयित'. इतक्या सगळ्यांना काही स्मृतिभ्रंश नव्हता.

मग यावर उपाय काय? पहिला उपाय चीनमध्ये, शांघायमध्ये निघाला. १९८० च्या दशकात तिथे ५५ वर्षांवरच्या ५,०५५ लोकांची पाहणी झाली. त्यांच्यात शाळा न शिकलेले खूप होते, आणि त्यांत बायका जास्त. तिथल्या संशोधकांनी एकाऐवजी तीन रेघा ओढल्या: न शिकलेल्यांसाठी १७, प्राथमिक शाळेपर्यंत शिकलेल्यांसाठी २०, त्यापुढच्यांसाठी २४. हा उपाय सोपा होता आणि खूप जणांनी उचलला. पण त्यात एक खोट राहते. प्रश्न तेच राहतात, फक्त पास होण्याचे गुण कमी होतात. ज्या बाईला लिहिताच येत नाही, तिला 'एक वाक्य लिही' असं सांगायचं, ती ओशाळून कागद परत देणार, आणि आपण म्हणणार, जाऊ द्या, तुम्हाला सवलत आहे. त्या प्रश्नातून तिच्या मेंदूबद्दल काय कळलं? काहीच नाही.

दुसरा उपाय आपल्या देशात निघाला, हरियाणातल्या बल्लभगढमध्ये. दिल्लीजवळचा हा भाग. दिल्लीच्या एम्सचं ग्रामीण आरोग्य केंद्र तिथे १९६५ पासून आहे. १९९० च्या दशकात भारत आणि अमेरिकेच्या संशोधकांनी मिळून तिथल्या २८ गावांत स्मृतिभ्रंशाची पाहणी करायचं ठरवलं. भारताच्या बाजूनं डॉक्टर विजय चंद्रा होते, पिट्सबर्गहून डॉक्टर मेरी गांगुली. तुलना करायची होती अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातल्या एका खोऱ्यातल्या म्हाताऱ्या माणसांशी. आणि बल्लभगढमध्ये ज्यांना प्रश्न विचारायचे होते, त्यांच्यात १०० पैकी ७३ जणांना अक्षरओळखच नव्हती.

मैत्रिणींनो, हे कसं झालं ते आपल्याला माहीत आहे. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९५१ च्या जनगणनेत, देशात दर १०० पुरुषांमागे २७ साक्षर होते आणि दर १०० बायकांमागे ९ सुद्धा नव्हत्या. तेव्हा धाकटं भावंड काखेला मारून गुरांमागे फिरणारी मुलगी आज ऐंशीच्या आसपासची आजी आहे. तिच्या घरी शाळेचं नाव निघालं तेव्हा कुणी तिला विचारलं नाही, आणि आता शाळेतलेच प्रश्न घेऊन तिची परीक्षा घ्यायला निघालो.

बल्लभगढच्या मंडळींनी नुसतं भाषांतर केलं नाही. एकेक प्रश्न हातात घेतला आणि विचारलं, हा प्रश्न मेंदूचं कोणतं काम तपासतो? तेच काम निरक्षर माणसाच्या बाबतीत कसं तपासता येईल? 'साल कोणतं' यातून वेळेचं भान कळतं. गावात सनाचा उपयोग कितीसा? म्हणून त्यांनी विचारलं, आता सकाळ आहे, दुपार की संध्याकाळ? वार, महिना, ऋतू हे प्रश्न ठेवले. इमारतीचा मजला काढून टाकला आणि गाव, टपाल कार्यालय, जिल्हा असं विचारलं. शंभरातून सात जाऊ द्या, वीसातून तीन वजा करायला सांगितले. स्पेलिंगच्या जागी आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले, कारण तपासायचं होतं ते लक्ष टिकतं की नाही, आणि वार सगळ्यांना पाठ असतात. लक्षात ठेवायच्या वस्तू निवडल्या आंबा, खुर्ची आणि नाणं.

सगळ्यात छान बदल पुढचे आहेत. मूळ चाचणीत कागदावर लिहिलेलं असायचं, 'डोळे मिटा', ते वाचून डोळे मिटायचे. बल्लभगढमध्ये विचारणारा म्हणायचा, माझ्या तोंडाकडे बघा आणि मी करतो तसंच करा. मग तो डोळे मिटायचा. आणि 'एक वाक्य लिहा' याऐवजी म्हणायचे, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. विचार मनात जुळवून पूर्ण वाक्यात मांडता येतो का, एवढंच बघायचं होतं. ते लिहून बघायची गरजच नव्हती. पंचकोनांच्या जागी सोपी आकृती घेतली.

ही चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन असं तिचं नाव. गुण ३० च राहिले. पुढे देशभरातल्या अनेक अभ्यासांत ती वापरली गेली.

पण प्रश्न बदलले म्हणून सगळं सुटलं, असं नाही. बदललेल्या प्रश्नांतही शिकलेल्यांना थोडे जास्त गुण मिळतात. कधीच हातात पेन्सिल न धरलेल्या माणसाला सोपी आकृतीसुद्धा जड जाते. शिवाय ऐकू कमी येत असेल, मोतीबिंदू झाला असेल, मन उदास असेल, तरी उत्तरं चुकतात. म्हणून त्याच मंडळींनी आणखी एक रस्ता धरला: घरच्यांना विचारायचं. १९९९ साली त्यांनी रोजच्या व्यवहाराबद्दलच्या प्रश्नांची एक छोटी यादी प्रसिद्ध केली. जेवल्याचं विसरतात का? गावात वाट चुकतात का? निरोप दिला तर पोचवतात का? होळी-दिवाळीसारखे सण लक्षात राहतात का? घरात लग्नकार्य ठरत असेल तर त्यात मत देतात का? या प्रश्नांना शाळा लागत नाही. लागतो तो आजीला रोज बघणारा माणूस. त्याच सुमारास अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातले संशोधकही हाच विचार करत होते. कॅनडातल्या क्री आदिवासींसाठी आणि नंतर नायजेरियातल्या इबादान शहरासाठी त्यांनी जी चाचणी बनवली, तिचा अर्धा भाग वृद्धाला विचारायचा आणि अर्धा घरच्यांना.

बल्लभगढचा निकाल १९९८ साली आला. ५५ वर्षांवरच्या ५,१२६ लोकांची तपासणी झाली होती. ६५ वर्षांवरच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण निघालं १.३६ टक्के. जगात इतकं कमी प्रमाण फार थोड्या ठिकाणी आढळलं होतं. आता सगळे विचारू लागले: आपल्या खेड्यात हा आजार खरंच कमी आहे, की आजारी माणसं फार दिवस जगत नाहीत, की आपल्याला ती दिसतच नाहीत?

त्याच १९९८ साली कोचीनमध्ये जगभरच्या संशोधकांचा एक गट तयार झाला. त्याचं नाव विचित्र आहे, '१०/६६'. जगातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी ६६ टक्के गरीब देशांत, आणि त्यांच्यावर होणारं संशोधन १० टक्क्यांहूनही कमी, म्हणून हे नाव. या गटानं २५ केंद्रांत २,८८५ वृद्धांवर आपली पद्धत तपासून २००३ साली निष्कर्ष छापले. त्यात त्यांनी मुद्दाम कमी शिकलेली पण बुद्धी शाबूत असलेली माणसं घेतली. आपली चाळणी त्यांना चुकून आजारी ठरवते का, हे बघायचं होतं. पुढे २००८ साली याच गटानं अनेक देशांतल्या पाहण्या छापल्या. भारतात त्या चेन्नईत आणि तमिळनाडूतल्या वेल्लोर भागातल्या खेड्यांत झाल्या होत्या. अमेरिकी मानसोपचाराच्या जुन्या नियमांनी मोजलं, तर ग्रामीण भारतात प्रमाण आलं फक्त ०.३ टक्के. नव्या पद्धतीनं मोजलं, तेव्हा जगातल्या सगळ्यात कमी आकड्याच्या ठिकाणीसुद्धा ते ५.६ टक्के होतं.

एवढा फरक का पडला? जुन्या नियमात एक अट होती. स्मरणशक्ती गेल्यामुळे माणसाचं रोजचं काम अडलं पाहिजे. आणि आपल्याकडे घरचे म्हणतात, छे, काही अडत नाही. सून पाणी काढते, नातू हाताला धरून देवळात नेतो, ताट समोर येतं. ज्या आजीकडून कुणी काही कामाची अपेक्षाच ठेवत नाही, तिचं काय अडलं ते दिसणार कसं? आपली माया खरीच असते. पण त्याच मायेच्या पदराआड आजार झाकला जातो.

गोव्यात २००१ च्या सुमारास एक अभ्यास छापून आला. तिथल्या लोकांना स्मृतिभ्रंशाची लक्षणं सांगितली, तर त्यांनी ती बरोबर ओळखली. अशी माणसं आमच्या वाड्यावर आहेत म्हणाले. पण त्याला आजार कुणी म्हणेना. कुणी म्हणे वय झालं, कुणी म्हणे मुलं बघत नाहीत म्हणून असं होतं. म्हणजे आजाराचा दोष घरावर. आणि घरावर म्हणजे शेवटी कुणावर, ते मी सांगायला नको. पुढे गोव्यातच बार्देस आणि तिसवाडी तालुक्यांत ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग झाला. थोडं प्रशिक्षण दिलेले साधे स्थानिक लोक घरी जायचे, आजार समजावून सांगायचे, कसं वागवायचं ते दाखवायचे. २००८ साली त्याचा निकाल आला. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला होता. आजार ओळखून काय उपयोग, औषध तर नाही, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

अलीकडे, २०२३ साली, देशभरच्या पाहणीवरून एक अंदाज छापला गेला. ६० वर्षांवरच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. या पाहणीतही बल्लभगढची ती चाचणी होती.

इथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. लहानपणी शिक्षण न मिळणं हे स्मृतिभ्रंशाच्या धोक्याचंच एक कारण आहे, असं आता संशोधक मानतात. म्हणजे 'अडाणी आहे म्हणून गुण कमी पडले' एवढं म्हणून मोकळं होता येत नाही. शाळा हुकल्यामुळे जिच्यावर परीक्षेत अन्याय होतो, तिलाच या आजाराचा धोकाही जास्त. तिला चुकून आजारी म्हणणं वाईट. आणि 'तिला काय कळतंय, ती आधीपासूनच तशी' म्हणून तपासायचंच सोडून देणं, हेही तितकंच वाईट. विचारायचं सोडू नये, तिला झेपेल आणि तिच्या आयुष्याला लागू पडेल असं विचारावं. पन्नास वर्षांचा हा इतिहास मला तरी एवढंच शिकवतो.

आता हे आपल्या दारात आलंय. आशाताई घरोघरी जो आरोग्याचा फॉर्म भरतात, त्यात ६० वर्षांवरच्यांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? 'हो' असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं. चांगला प्रश्न आहे. पण आपली आजी मालकांचं नाव घेत नाही, हे आशाताईला माहीत असतं. ती गप्प राहिली किंवा पदर तोंडाला लावून हसली, तर ते विसरणं नव्हे. तिला उखाणा घ्यायला सांगा, नाव बरोबर येईल! पत्ता विचारला तर 'पिंपळाच्या पारामागं, तेल्याच्या घराशेजारी' म्हणेल, तोही पत्ताच. तारखेऐवजी एकादशी किती दिवसांवर आली ते सांगेल, बाजाराचा वार सांगेल. हिशेबासाठी तिला पाढे नकोत. वीसाची नोट दिली, तीन रुपयांची कोथिंबीर घेतली, किती परत आले, असं विचारा.

आणि आपण घरच्या बायकांनी एक काम करायचं. आशाताई आली की आजीच्या वतीनं घाईघाईनं उत्तरं द्यायची नाहीत. आजीला बोलू द्यायचं. तिचं झालं की गेल्या वर्षभरात काय बदललं ते आपण सांगायचं. आधी निरोप नीट पोचवायची, आता अर्धा विसरते. आधी सगळ्या सुनांची माहेरं तोंडपाठ, आता धाकटीला मोठीच्या नावानं हाक मारते. कुणाला किती येतं, यापेक्षा तिचं स्वतःचं कालचं आणि आजचं यातला फरक महत्त्वाचा, आणि तो आपल्याशिवाय कुणाला दिसणार नाही. फरक जाणवला तर आरोग्य केंद्रात न्या. कान, डोळे तपासून घ्या, मन उदास आहे का तेही डॉक्टरांना सांगा, कारण यातल्या काही गोष्टी बऱ्या होतात. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथेही विचारता येतं.

येत्या आठवड्यात एक दिवस आजीजवळ बसा आणि बल्लभगढमध्ये विचारायचे तोच प्रश्न विचारा: तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका.